संग्रहालय उघडंच आहे, फोटो मात्र गेले

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की काही वाक्यं आपसूक कागदावर उतरतात. "शासकीय अनुदान कमी झाल्यामुळे कलासंस्था बंद पडत आहेत" हे त्यातलंच एक. वाचायला ठीक वाटतं, खरंही वाटतं. पण पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत हे वाक्य टाकून बघा. समितीतले कुणीतरी सर चष्मा वर सरकवून विचारणार, "बंद पडली म्हणजे नेमकं काय झालं? आणि ते मोजणार कसं?" तिथे गाडी अडते.

या लेखात तोच प्रश्न एका खऱ्या उदाहरणावर लावून बघू. उदाहरण फोटोग्राफीच्या संग्रहालयांचं आहे. मी रसायनशास्त्रवाली. जुन्या फिल्मचा प्लास्टिकचा पाया कसा कुजतो, हा माझा विषय. कलेच्या अर्थकारणाशी माझा तसा संबंध नाही. पण फिल्मच्या ऱ्हासावरचे पेपर वाचायला लागलं की कुठेतरी कोल्ड स्टोरेजचा खर्च डोकं वर काढतोच. मग लक्षात येतं की फिल्मचं आयुष्य ठरवणाऱ्या चलांमध्ये तापमान आणि आर्द्रतेच्या जोडीला वार्षिक बजेटही आहे. ते कुठल्या समीकरणात लिहिलेलं नसतं, एवढंच.

गिरण्यांच्या शहरातलं राष्ट्रीय संग्रहालय

ब्रॅडफर्ड हे उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं शहर. लोकरीच्या गिरण्यांसाठी एकेकाळी जगभर नाव होतं. गिरण्या गेल्यावर मागे काय उरतं, ते परळ-लालबागच्या माणसाला वेगळं सांगायला नको. अशा या शहरात १९८३ साली 'नॅशनल म्युझियम ऑफ फोटोग्राफी, फिल्म अँड टेलिव्हिजन' सुरू झालं. लंडनच्या सायन्स म्युझियमचीच ही शाखा. ब्रिटनमधली राष्ट्रीय संग्रहालयं बहुतेक लंडनमध्ये एकवटलेली. त्यातून फोटोग्राफीसारखा विषय उचलून उत्तरेच्या पडत्या शहरात नेणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. इमारत नगरपालिकेकडे होती, मूळची नाट्यगृहासाठी बांधलेली. राष्ट्रीय संग्रह आणि स्थानिक जागा असं ते जुळलं.

पुढच्या वीस वर्षांत तिथे जे जमलं ते थक्क करणारं आहे. कोडॅक कंपनीचा संग्रह आला. 'डेली हेरल्ड' या वर्तमानपत्राचा फोटोसंग्रह आला, त्यातच तीस लाखांवर छायाचित्रं. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉटने १८३५ मध्ये आपल्या घराच्या जाळीदार खिडकीचं जे छोटंसं निगेटिव्ह घेतलं, जगात शाबूत असलेलं सर्वात जुनं निगेटिव्ह म्हणून जे ओळखलं जातं, तेही याच संग्रहात. आणि मग २००३ च्या सुमारास रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचा संग्रह आला. सोसायटीला तो सांभाळणं जड जात होतं, म्हणून राष्ट्रीय लॉटरीतून वारशासाठी बाजूला काढलेला निधी आणि इतर देणग्या मिळून तो सार्वजनिक मालकीत घेतला गेला.

ही सोसायटी १८५३ ची. जाता जाता सांगते, 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' तिच्या मागोमाग एका वर्षात, १८५४ मध्ये निघाली होती, आणि तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. म्हणजे लंडनमध्ये हे तंत्र संस्थात्मक होत होतं तेव्हा मुंबईतले मराठी डॉक्टरही त्यात हात काळे करून बसले होते. शब्दशः काळे, कारण सिल्व्हर नायट्रेटचे डाग महिनाभर जात नाहीत.

आता कपातीकडे येऊ. २००८ च्या आर्थिक संकटानंतर २०१० मध्ये ब्रिटनमध्ये सत्तापालट झाला आणि सरकारी खर्चाला कात्री लागायला सुरुवात झाली. राष्ट्रीय संग्रहालयांना सरकारकडून दरवर्षी अनुदान मिळतं. ते घटत गेलं. एक गोष्ट इथे लक्षात ठेवा : २००१ च्या शेवटापासून ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेश मोफत आहे. म्हणजे अनुदान घटलं म्हणून तिकीट वाढवू, हा रस्ता बंद. उरतात ते कॅफे, दुकान, खास प्रदर्शनं, प्रायोजक. हे सगळे रस्ते लंडनमध्ये जितके चालतात तितके ब्रॅडफर्डमध्ये चालत नाहीत. पर्यटकच तेवढे नाहीत.

जून २०१३ मध्ये बातमी फुटली. सायन्स म्युझियम समूहाचं म्हणणं होतं, अनुदानात आणखी दहा टक्के कपात झाली तर उत्तरेतलं एखादं संग्रहालय बंद करावं लागेल. यादीत तीन नावं होती : यॉर्कचं रेल्वे संग्रहालय, मँचेस्टरचं विज्ञान-उद्योग संग्रहालय आणि ब्रॅडफर्ड. लोक खवळले. हजारो सह्या झाल्या, खासदार बोलले. शेवटी कपात पाच टक्क्यांवर थांबली आणि बंद करण्याचा विषय मागे पडला. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने गोष्ट इथे सुखान्त संपते.

संशोधकाच्या दृष्टीने ती इथे सुरू होते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झालं की रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या संग्रहासह सुमारे चार लाख वस्तू ब्रॅडफर्डहून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला जाणार. कारण? ब्रॅडफर्डचं संग्रहालय यापुढे प्रकाश आणि ध्वनी यांच्या विज्ञान-तंत्रज्ञानावर भर देणार, त्यामुळे 'कला म्हणून फोटोग्राफी' त्याच्या कक्षेत बसत नाही. चित्रकार डेव्हिड हॉकनी मूळचा ब्रॅडफर्डचा. त्याच्यासह अनेक नामवंतांनी विरोधाचं पत्र लिहिलं. संग्रह गेलाच. मार्च २०१७ मध्ये नावही बदललं. २००६ मध्ये त्याचं 'नॅशनल मीडिया म्युझियम' झालं होतं, आता 'नॅशनल सायन्स अँड मीडिया म्युझियम'. त्याच महिन्यात मुलांसाठी प्रयोगांचं नवं दालन उघडलं. दालन चांगलं आहे, मुलांची गर्दीही होते.

उघडं = १, बंद = ०

आता तुमचा एक्सेल उघडा. समजा तुम्ही शंभर संग्रहालयांचा डेटा गोळा केलात. एका रकान्यात अनुदान, दुसऱ्यात 'संस्था चालू आहे का' : हो असेल तर १, नसेल तर ०. ब्रॅडफर्डच्या ओळीत १९८३ पासून नूतनीकरणाची मुदत सोडली तर सलग १ येणार. रिग्रेशन चालवा. निष्कर्ष : अनुदान कपातीचा संस्थेच्या अस्तित्वावर लक्षणीय परिणाम आढळत नाही. पी-व्हॅल्यूसकट, छापायला तयार.

आणि चार लाख वस्तू तीनशे किलोमीटरवर गेलेल्या.

गणित बरोबर, मोजायला घेतलेली गोष्ट चुकीची. संग्रहालय ही इमारत, संग्रह, माणसं आणि हेतू यांची मोट असते. पैसा आटला की ही मोट एकदम फुटत नाही, एकेक दोरी सैल होते. इमारत सगळ्यात शेवटी जाते, कारण इमारत सगळ्यांना दिसते आणि तिला कुलूप लावणारा मंत्री टीव्हीवर दिसतो. हेतू आधी बदलतो, कारण तो फक्त धोरणाच्या कागदावर असतो आणि तो कागद कुणी वाचत नाही. हेतू बदलला की कालपर्यंत संग्रहाचं केंद्र असलेली वस्तू आज 'कक्षेबाहेरची' ठरते. मग ती हलवणं हा कपातीचा परिणाम दिसत नाही, सुसूत्रीकरण दिसतं.

म्हणून "अनुदान कमी झाल्यामुळे संग्रहालयं बंद पडतात का" यापेक्षा "अनुदान कमी झाल्यावर संग्रहालयाच्या हेतूची व्याख्या कशी बदलते आणि त्या बदलात कुठल्या वस्तू बाहेर पडतात" हा प्रश्न फार चांगला आहे. त्याला पुरावा असतो. वार्षिक अहवालातली उद्दिष्टांची भाषा, संग्रह-धोरणाच्या एकापाठोपाठ आलेल्या आवृत्त्या, वस्तूंच्या हस्तांतराच्या नोंदी. २०१० चं धोरण आणि २०१६ चं धोरण शेजारी ठेवून वाचलं की कुठला शब्द गळला आणि कुठला आला ते दिसतं.

रिकरिंग आणि नॉन-रिकरिंग

प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हा भाग दोन ओळींत कळेल. प्रकल्पाच्या बजेटमध्ये दोन रकाने असतात. नॉन-रिकरिंगमधून यंत्र येतं. रिकरिंगमधून त्याचा एएमसी, गॅस सिलिंडर, चालवणाऱ्याचा पगार. यंत्र यायला अडचण नसते, उद्घाटनाला कुलगुरू येतात, फोटो निघतात. तीन वर्षांनी प्रकल्प संपतो, एएमसीचे पैसे कुणाच्याच डोक्यावर नसतात आणि यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर चढतं. अशी कव्हरं कुठल्याही विद्यापीठात फेरी मारली तर दिसतील.

कलासंस्थांचंही तेच आहे, फक्त रक्कम मोठी. लॉटरीचा वारसा निधी, देणगीदार, प्रायोजक कंपन्या हे सगळे मुख्यतः भांडवली खर्चाला पैसे देतात : नवी इमारत, नवं दालन, एखादा संग्रह विकत घेणं. ज्यावर पाटी लावता येते ते. निगेटिव्हची खोली रात्रंदिवस थंड ठेवण्याच्या वीजबिलावर कुणी आपलं नाव कोरून मागत नाही. तो खर्च सरकारी अनुदानातूनच यावा लागतो, आणि कपात बसते ती नेमकी त्याच रकान्यावर.

ब्रॅडफर्डचा क्रम आता परत बघा. २००३ मध्ये संग्रह घ्यायला पैसे मिळाले. दहा वर्षांनी तो सांभाळणाऱ्या संस्थेच्या चालू खर्चाचे वांधे. २०१६ मध्ये संग्रह गेला. २०१७ मध्ये नव्या दालनाला पैसे होते. २०२३ मध्ये मोठ्या नूतनीकरणासाठी संग्रहालय काही काळ बंद राहिलं, २०२५ मध्ये ब्रॅडफर्ड ब्रिटनचं 'सिटी ऑफ कल्चर' असताना पुन्हा उघडलं, त्यातही लॉटरी निधीचा वाटा. पैसाच नव्हता असं म्हणता येत नाही. पैसा होता, पण वेगळ्या रकान्यात.

चित्रं भिंतीवर टिकतात, फोटो टिकत नाहीत

फोटोग्राफीला हा फटका इतर कलांपेक्षा जास्त का बसतो, हे समजायला थोडं रसायनशास्त्र लागतं. इथे मी जरा रमणार आहे, माफ करा.

तैलचित्र वर्षानुवर्षं भिंतीवर राहू शकतं. जुना फोटो नाही. एकोणिसाव्या शतकातले अल्ब्युमेन प्रिंट किंवा जुने रंगीत प्रिंट प्रकाशात उतरतात, म्हणून ते अगदी मंद उजेडात काही महिने दाखवायचे आणि मग दीर्घकाळ अंधारात विश्रांतीला ठेवायचे असा प्रघात आहे. परिणामी फोटोंच्या संग्रहालयाचा जवळजवळ सगळा संग्रह कायम पेटीत असतो. पाहुण्याला, आणि अर्थखात्याच्या अधिकाऱ्याला, तो दिसतच नाही. लाखो वस्तू सांभाळायच्या आणि भिंतीवर दोनशे. "एवढा खर्च कशावर होतो?" हा प्रश्न त्यातूनच येतो.

त्यातही निगेटिव्ह आणि फिल्म. विसाव्या शतकातली बरीचशी फिल्म सेल्युलोज अॅसिटेटवर आहे. हवेतल्या ओलाव्याने अॅसिटेटचं हायड्रोलिसिस होतं आणि अॅसेटिक अॅसिड सुटतं, म्हणजेच व्हिनेगर. जुना डबा उघडल्यावर नाकात जाणारा वास तो. हे अॅसिड पुन्हा त्याच अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतं. म्हणजे सुरुवातीला वर्षानुवर्षं काहीच होत नाही आणि एकदा वळण घेतलं की वेग वाढतच जातो. फिल्म आक्रसते, वाकते, वरचा जिलेटिनचा थर सुटतो. एका डब्यातली वाफ शेजारच्या डब्यांनाही लागते.

अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटने यावर मूलभूत काम केलं आहे. त्यांचा ढोबळ हिशोब असा : २१ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेला ताजी अॅसिटेट फिल्म साधारण चाळीस वर्षांत त्या वळणाला पोचते. मुंबई-रत्नागिरीच्या हवेत याहून बरंच लवकर. आता अऱ्हेनिअस आठवा, एम.एस्सी.ला पाठ केलेला. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा मोलमागे साधारण ९० किलोज्यूल धरली, तर २१ अंशांच्या आसपास तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरवलं की वेग निम्मा होतो, म्हणजे आयुष्य दुप्पट. चार अंशांपर्यंत नेलं तर चाळीस वर्षांची काही शतकं होतात. आकडे टाकून स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि मग उलट दिशेने करा. समजा एखाद्या संस्थेने वीजबिल वाचवायला शीतगृहाचं तापमान चारवरून दहा अंशांवर नेलं. बजेटच्या कागदावर ती 'ऊर्जाबचत'. फिल्मच्या हिशोबात मात्र आयुष्य निम्म्याच्याही खाली आलं. आणि त्या वर्षी, पुढच्या वर्षी, पुढची पंधरा वर्षंसुद्धा कुणाला काहीही दिसणार नाही. हेच मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. कारण आणि परिणाम यांच्यात एका माणसाच्या नोकरीएवढं अंतर आहे. कपात करणारा निवृत्त होतो, डबा उघडणारा अजून शाळेत असतो.

पीएच.डी.ची मुदत चार-पाच वर्षं. इतक्यात हा परिणाम प्रत्यक्ष दिसणार नाही, त्यामुळे त्याच्या आधी हलणारी चिन्हं शोधावी लागतात. शीतगृहाचं ठरवलेलं तापमान आणि त्याच्या नोंदी. डब्यात ठेवायच्या आम्लदर्शक पट्ट्यांचे रंग, ज्या निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. नोंदणी न झालेल्या वस्तूंचा ढीग. रिक्त राहिलेली क्युरेटरची पदं. यातलं शेवटचं फार बोलकं असतं. माणूस निवृत्त झाला, जागा भरली नाही, कुणाला काढलं नाही म्हणून बातमीही नाही. पण कुठल्या पेटीत काय आहे हे त्याच्या डोक्यात होतं. नोंद नसलेला फोटो आणि नसलेला फोटो यांत तुमच्या-माझ्यासारख्या संशोधकाच्या लेखी फरक नसतो.

६९ पौंड आणि साडेचार पौंड

ब्रॅडफर्डच्या वादात एक आकडा सतत येतो. २०१३ मध्ये पीटर स्टार्क, ख्रिस्तोफर गॉर्डन आणि डेव्हिड पॉवेल यांनी 'रीबॅलन्सिंग अवर कल्चरल कॅपिटल' हा अहवाल काढला. त्यांच्या मते केंद्रीय पातळीवरून संस्कृतीवर होणारा खर्च लंडनमध्ये दरडोई सुमारे ६९ पौंड, आणि उरलेल्या इंग्लंडमध्ये साडेचार पौंडांच्या जवळपास. पंधरापट फरक! फोटोसंग्रह लंडनला गेला तेव्हा लोक का चिडले ते या आकड्यावरून कळतं.

पण तुम्ही संशोधक होणार आहात, तर आधी भाजक तपासा. लंडनच्या संग्रहालयांचा खर्च लंडनच्या लोकसंख्येने भागला आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये जाणारे सगळे लंडनकर नसतात, देशभरातले आणि परदेशातले लोक असतात. भेटी देणाऱ्यांच्या संख्येने भागलं तर दरी कमी होईल. पण लगेच समाधान मानू नका, कारण भेटींची संख्या स्वतःच खर्चावर अवलंबून आहे. जिथे पैसा ओतला तिथे लोक गेले, आणि लोक गेले म्हणून तिथे पैसा ओतला. दोन्ही भाजक सदोष आहेत, वेगवेगळ्या कारणांनी. माझं मत विचाराल तर फरक पंधरापट नसेल, पण भाजक कसाही बदलला तरी तो पूर्ण नाहीसा होईल असं मला वाटत नाही. थिसिसमध्ये मात्र दोन्ही भाजकांनी काढून दाखवा, वाचणाऱ्याला ठरवू द्या.

पण जे गेलं ते वाईटच झालं का?

इथे मला माझ्याच बाजूचा उलटतपास घ्यायचा आहे, कारण व्हायव्हात कुणीतरी घेणारच.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फोटो जमवत आलंय. सोसायटीचं प्रदर्शनही १८५८ मध्ये त्यांच्याच जुन्या वास्तूत भरलं होतं. संग्रह तिथे गेल्यावर २०१८ मध्ये त्यांनी फोटोग्राफी केंद्र उघडलं, २०२३ मध्ये त्याचा विस्तार केला. ब्रॅडफर्डच्या चालू खर्चात त्या फोटोंच्या वाट्याला इतकं आलं असतं का? कदाचित नाही. 'तसं झालं नसतं तर काय झालं असतं' हा प्रश्न टाळून कुठलंही कारण-परिणाम विधान करता येत नाही. आणि ब्रॅडफर्डची तुलना "सगळं पूर्वीसारखं चाललं असतं" याच्याशी करणं सोपं असलं तरी प्रामाणिक नाही. पूर्वीसारखं चालण्याचे पैसेच नव्हते.

म्हणून दुसरी ठिकाणं बघायची. कॅनडात ओटावाला समकालीन फोटोग्राफीचं राष्ट्रीय संग्रहालय होतं, १९९२ मध्ये रेल्वेच्या जुन्या बोगद्याच्या जागेत उघडलेलं. २००६ मध्ये पाणी झिरपतं म्हणून 'तात्पुरतं' बंद झालं. २००९ मध्ये ते उघडणार नाही हे ठरलं, जागा संसदेच्या समित्यांच्या कामाला गेली, संग्रह राष्ट्रीय कलादालनात. फोटो सुरक्षित आहेत. पण फक्त फोटोग्राफीसाठी असलेली जागा, तिचं स्वतंत्र बजेट आणि ते बजेट मागणारा स्वतंत्र आवाज गेला. मोठ्या घरात सून म्हणून गेलेल्या संस्थेचं जे होतं ते.

रॉचेस्टरमध्ये उलटं घडलं. कोडॅकच्या संस्थापकाच्या घरात असलेल्या जॉर्ज ईस्टमन हाउसच्या विश्वस्तांना १९८४ च्या सुमारास संग्रह परवडेना, तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला द्यायचा घाट घातला गेला. गावाने विरोध केला, कोडॅकने पैसे दिले, १९८९ मध्ये संग्रहासाठी नवी इमारत झाली. संग्रह तिथेच राहिला. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं, तरी संग्रहालय आजही चालू आहे. मग खाजगी पैसा बरा म्हणायचा का? तीन उदाहरणांवरून तसं म्हणणं म्हणजे तीन बिंदूंतून हवी ती रेघ मारणं. रॉचेस्टरला कोडॅक होतं. ब्रॅडफर्डच्या गिरण्या कधीच बंद झाल्या होत्या. श्रीमंत उद्योग शेजारी असणं हे धोरण नसतं, तो योगायोग असतो.

मला या तिन्हींतून एकच गोष्ट पुरेशी खात्रीने म्हणता येते. तिन्ही ठिकाणी धोका आला तो चालू खर्चाच्या किंवा देखभालीच्या बाजूने. आणि दोन ठिकाणी संग्रह राजधानीतल्या मोठ्या संस्थेत विरघळला, तिसऱ्या ठिकाणी विरघळता विरघळता वाचला. उतार कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर

ब्रिटनचा डेटा घरबसल्या मिळतो. सायन्स म्युझियम समूहाचे वार्षिक अहवाल आणि हिशोब उघड आहेत, राष्ट्रीय संग्रहालयांच्या भेटींची महिनावार आकडेवारी सरकार छापतं. एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या लघुप्रबंधाला हे पुरेसं आहे. पण माझं म्हणाल तर पुण्यात बघा.

आपल्याकडे फोटोग्राफीचं असं मोठं सरकारी संग्रहालय नाही. पण तेच रसायन आणि तोच प्रश्न असलेली संस्था प्रभात रोड-लॉ कॉलेज रोडच्या परिसरात आहे : राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, स्थापना १९६४. डबे चित्रपटांचे, पण पाया तोच, अॅसिटेट आणि त्याआधीचा ज्वालाग्राही नायट्रेट. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गेला. पुढच्या दशकात राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान आलं, पाचशे कोटींहून मोठ्या तरतुदीचं. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झाली. संस्था उघडी आहे, काम चालू आहे. तुमच्या एक्सेलमध्ये १.

यात आधीच निष्कर्ष काढून बसू नका. विलीनीकरणाने परिस्थिती सुधारलीही असेल, पैसा जास्त आला असेल. ते शोधायचंच आहे. अभियानातला किती खर्च भांडवली आणि किती आवर्ती? अभियान संपल्यावर शीतगृहाचं वीजबिल कुठल्या लेखाशीर्षातून जातं? विलीनीकरणाआधी आणि नंतर मंजूर पदं किती, भरलेली किती? महामंडळाच्या उद्दिष्टांत 'जतन' हा शब्द कुठे आणि कितव्या क्रमांकावर येतो? शीतगृहाच्या तापमानाच्या नोंदी किती वर्षांच्या ठेवल्या आहेत?

महामंडळ केंद्र सरकारचं आहे, त्यामुळे माहिती अधिकाराखाली येतं. अर्जाचं शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. एका अर्जात पाचही प्रश्न कोंबू नका. प्रत्येकासाठी वेगळा अर्ज करा आणि "माहिती का दिली नाही" असं न विचारता "अमुक वर्षांच्या नोंदवहीची प्रत द्या" असं विचारा. प्रत मागितली की प्रत मिळण्याची शक्यता जास्त असते.